माझे प्रश्न, लवूची उत्तरं

आमच्या लालबागच्या चाळीत लवू परबावर दावा लावणारा मी पहिलाच. लवू माझा शेजारी. गिरणी बंद पडल्यावर त्याने निवृत्त होईपर्यंत एका कचेरीत लिफ्ट चालवली आणि कुणाशी कधी आवाज चढवला नाही. अशा माणसाशी भांडायला अंगी काही खास गुण लागतात. ते माझ्यात आहेत.

भांडण तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या टोकाचं. तिथे लवूने जाळी लावून एक बाकडं टाकलं होतं. त्याच्या बायकोचे, अंबिकाचे गुडघे गेलेले. जिना उतरता येत नाही, म्हणून तिचं बाहेरचं जग ते एवढंच. जागा मात्र झकास. वारा खेळता, पेपर वाचायला उजेड. गॅलरी सगळ्यांची आहे, जाळी नि बाकडं हटवा, असा माझा दावा. विमा कचेरीत हयातभर पत्रं लिहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग हवाच ना!

माझ्या वकील दीपिकाबाई म्हणाल्या, कोर्टाच्या परवानगीने समोरच्याला लेखी प्रश्न विचारता येतात आणि त्याला शपथेवर उत्तरं द्यावी लागतात. ऐकून मी हरखलोच. घरी येऊन प्रश्नांचा सपाटा लावला. ‘प्रतिवादी बांगडे तळण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहतो काय?’ हाही त्यात होता. बाईंनी तो आणि त्याची सगळी भावंडं काढून टाकली. दाव्याशी संबंध नसलेले प्रश्न कोर्ट उडवून लावतं म्हणे. उरलेल्यांत माझा लाडका प्रश्न बचावला: ‘सदर जागेचा रोज वापर कोण व कशासाठी करतो?’ यात लवू अडकणार याची मला खात्री होती.

प्रश्न हातात पडताच लवू ते घेऊन थेट माझ्याकडे आला. त्याच्या वकिलाने उत्तरं घरून लिहून आणायला सांगितली होती, आणि चाळीत कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझंच दार वाजवतो. ही सवय मीच लावलेली, मिरवायला. अरे, मी तुझा विरोधी पक्ष, असं मी त्याला समजावून पाहिलं.

“चाळीचा सगळा तुमीच लिवतास, तात्यानू,” तो म्हणाला. “दुसऱ्याकडे कित्याक जाव?”

आपल्या अक्षराचं कौतुक झालं की मी विरघळतो. कागद घेऊन बसलो. जाळी कोणी लावली? आपणच, त्याने सांगितलं. परवानगी घेतली होती? नाही. एकेक उत्तर माझ्या पथ्यावर पडत होतं आणि मी ते सुवाच्य लिहीत होतो. शेवटी मलाच त्याची काळजी वाटायला लागली. जरा विचार करून सांग, असंही मी सुचवलं, पण शपथेवर खोटं बोलायला तो तयार नव्हता. मग माझा लाडका प्रश्न आला. लवू जरा संकोचला.

“खरा ता लिवा. दुपारी अंबिका बसता. सकाळी तुमी बसतास, पेपर वाचूक. चाय अंबिका देता.”

नाकारायला मी तोंड उघडलं, तर त्या सकाळचाच आल्याचा चहा आठवला. मला भयंकर लाज वाटली. तरी लिहिलं, तो बोलला तसंच.

यथावकाश ती उत्तरं दीपिकाबाईंकडे आली. शेवटचं उत्तर खोटं ठरवायचं ना, असं त्यांनी विचारलं.

“दावाच मागे घ्या,” मी म्हणालो. “बाकडं गेलं तर अंबिका बसेल कुठे?”

मी कुठे बसेन, हे मात्र विचारलं नाही.