जस्ताची तलवार

मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळी पावणेनऊ. पोलीस चौकीतून बोलावणे आले. धुळ्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी तीस वर्षे धातुकाम शिकवले आणि निवृत्तीनंतर असोद्यात राहतो. पाते कशाचे आहे हे सांगणारा माणूस त्यांना हवा होता.

आदल्या शनिवारी दिवेलागणीला केळीच्या वखारीच्या रखवालदारावर एकाने वार केला होता. हल्लेखोराच्या डोक्यावर हेल्मेट होते. वार आधी फाटकावर आपटला, पात्याचे टोक तुटून तिथेच पडले, आणि उरलेले पाते रखवालदाराच्या हातावर आले. त्या दिवशी सकाळी रखवालदाराशी भांडलेला यावलकडचा एक केळी तोडणारा मजूर पोलिसांनी नंतर धरून आणला. त्याच्या कोयत्याचे टोक तुटलेले होते आणि पात्यावर तपकिरी डाग होते. त्याला दोन दिवस बसवून ठेवले होते.

फौजदार नुकतेच कोकणातून बदलून आलेले. ते म्हणाले, "सर, रक्त स्पष्ट दिसतंय."

"आबा, केळीना चीक शे हाऊ," मजूर बाकावरून म्हणाला. "बठ्ठास्ना कोयत्याले दिखी तुमले."

हवालदार इथलाच होता; केळीचा चीक सगळ्यांच्याच कोयत्याला लागतो हे त्याला ठाऊक होते. तो मिशीत हसला, पण साहेबांना चूक दाखवणे त्याच्या नोकरीत बसत नव्हते. केळीच्या या जिल्ह्यातल्या पोराच्या सदऱ्यावरही तो डाग असतो.

टेबलावर रखवालदाराच्या आग्रहामुळे आणवलेली दुसरी वस्तूही होती. एका परग्रहावरच्या मालिकेतल्या तलवारीची नक्कल, मुठीत बॅटरी, पात्याच्या कडेने निळा दिवा. मालिकेत म्हणे ती मेलेल्या ताऱ्याच्या धातूची असते आणि डोंगर चिरते. तिचा मालक, मोबाईलची कव्हरे विकणारा पस्तिशीचा गृहस्थ, शेजारीच उभा होता. तलवारीचेही टोक नव्हते. घरी व्हिडिओ काढताना तुटले, असे त्याचे म्हणणे. तुटलेली कड त्याने कानशीने घासून गोल केली होती, त्यामुळे तुकडा जुळवून पाहण्याची सोय उरली नव्हती.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, निळा उजेड होता," हाताला पट्टी बांधलेला रखवालदार म्हणाला. "तर साहेब विचारतात, किती घेतली होती!"

"अहो, ते खेळणं आहे," फौजदार म्हणाले.

मी खिशातले चुंबक काढले. कोयत्याला ते खटकन चिकटले. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेले पोलाद ते. फाटकाजवळ सापडलेल्या तुकड्याला चिकटले नाही. तलवारीलाही नाही. तुकड्याची तुटलेली बाजू भिंगाखाली धरली. करडी, साखरेसारखी दाणेदार. ॲल्युमिनियमपेक्षा जड, पोलादापेक्षा ठिसूळ. साच्यात ओतलेले जस्त, वरून चकाकीचा मुलामा; तलवारही त्याच मालाची. दाराच्या स्वस्त मुठी याच मालाच्या असतात.

"मेलेला तारा," मी म्हणालो, "भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो."

मालक दुखावला. "काका, ती लिमिटेड एडिशन आहे."

माणसाचा हात ठेचल्याचे त्याला काही वाटत नव्हते. तलवारीला जस्त म्हटल्याचे वाटत होते. रखवालदाराने वखारीच्या फाटकातून मोटारसायकल आत सोडली नाही, एवढेच कारण, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. खऱ्या शस्त्राला हात लावण्याची हिंमत नाही आणि खोटे उगारण्याची लाजही नाही, अशी ही जात मला परिचित आहे.

तरीही फौजदारांना पटेना. मी रखवालदाराला पट्टी सोडायला लावली. हात ठेचला होता, कापला नव्हता. "हा कोयता एका घावात घड उतरवतो," मी म्हणालो. "हा लागला असता, तर पट्टी बांधायला हात उरला नसता."

माझे मत मी लिहून दिले आणि खाली सही केली. साडेबाराला मजुराला सोडले. कोयत्याची जप्ती कागदावर घेतलीच नव्हती, म्हणून तोही मिळाला.

त्याची टोळी दुसऱ्या पहाटे माल तोडायला निघणार होती आणि टोक तुटलेल्या कोयत्याच्या माणसाला मुकादम घेत नाही. घरी नेऊन कोयत्याला सहाणेवर नवे टोक काढले, धार दिली, तेलाचे फडके फिरवले आणि पाते गोणपाटात गुंडाळून त्याच्या हातात दिले.