रविवारचा डोह

आमच्या पूर्णा गावात गळ टाकून बसणाऱ्याला कुणी मासे धरणारा म्हणत नसे. मासे धरायचे तर खाडीत जाळं टाकायचं. गळ हे रिकामटेकड्याचं काम, असं माझे वडील म्हणायचे आणि मीही तेच मानत आलो होतो. तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागल्यावर मी भिवंडीत भाड्याने खोली घेतली. शेजारचे सर रविवारी उजाडताना बांबूची काठी घेऊन एसटी स्टँडकडे निघालेले दिसले, तेव्हा मला हसूच आलं. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट.

सर हायस्कुलात गणित शिकवायचे. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे, आणि बोलणं अगदी मोजकं. घरात ते आणि वहिनी, दोघंच. गळाची दोरी ते लूमच्या रिकाम्या कांडीवर गुंडाळत. तशा कांड्या आमच्या गल्लीत पायाखाली सापडायच्या, कारण दोन्ही अंगांना लूमचे कारखाने. ते बंद असायचे शुक्रवारी. रविवारी आम्हाला सुट्टी, पण खटखट चालूच.

एकदा मी थट्टेने विचारलं, "सर, बाजारात मासे मिळत नाहीत का?"

"मिळतात की," ते म्हणाले. "पण तिथे लूमचा आवाज येतो."

पुढे मीच एका रविवारी त्यांना पूर्ण्याला घेऊन गेलो. आमच्या शेतामागे एक तळं होतं, त्यात मरळ असायची. सरांनी गांडूळ लावून गळ टाकला आणि तासाभरात हातभर लांबीची मरळ बाहेर काढली. माझे वडील बांधावर उभे राहून बघत होते. जाताना त्यांनी सरांना घरी जेवायला बोलावलं. त्या दिवसापासून मलाही गळाचा नाद लागला. ते तळं आता नाही. नव्वदच्या दशकात भराव घालून तिथे गोडाऊन उभं राहिलं आणि मरळीच्या जागेवर ट्रक मागे घेऊन लावतात.

वर्षभर सर अधूनमधून माझ्या तळ्यावर येत राहिले. स्वतःच्या नदीवरच्या जागेबद्दल मात्र चकार शब्द नाही. मला मनातून राग यायचा. मग एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं.

"उद्या सहाची गाडी आहे. चल. पण एक अट. ती जागा कुणाला सांगायची नाही."

"वहिनींनाही?"

"तिला तर नाहीच. ती नळावर सांगेल आणि आठ दिवसांत सगळी गल्ली तिथे."

या अटीमागे कारण होतं. पूर्वी त्यांची अशीच दुसरी एक जागा होती. शाळेतल्या एका सहकाऱ्याला त्यांनी ती विश्वासाने दाखवली. महिन्याभराने गेले तर पाण्यावर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. कुठल्यातरी टोळक्याने येऊन डोहात ब्लीचिंग पावडर ओतली होती. बोटाएवढी पिल्लंसुद्धा मेली होती. सर हे सांगत असताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण दोरीला शिसं बांधणारी बोटं थांबली होती. मी शब्द दिला.

दिघाशीला एसटीतून उतरायचं आणि बांधाबांधाने तासभर चालायचं. वाटेत एक छोटा पाडा लागतो, त्याच्या बाहेरूनच वळायचं. मग तानसा नदी. डोंगरातून उतरून आलेली नदी तिथे मोठमोठ्या खडकांमधून वाट काढते आणि एका कातळाखाली डोह करून थांबते. पाणी हिरवं, बिनआवाजाचं. कातळाच्या टोकावर सरांची बसायची जागा. मला त्यांनी दहा पावलं खाली एक दगड नेमून दिला. त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि रस्ते ओस पडायचे. सर म्हणत, "सगळा तालुका टीव्हीसमोर बसतो म्हणून नदी आपली." मला ते पटायचं, कारण खरोखरच तिथे कधी माणूस दिसायचा नाही. दुपारी दीडच्या आत ते घरी परतायचे. वहिनी वाटण तयार ठेवून वाट बघायच्या.

दोनेक वर्षं अशी गेली. मग तो मार्च महिना आला.

त्या रविवारी मी सरांबरोबर गेलो नव्हतो. कचेरीतलं काम घरी आणलं होतं. तीनच्या सुमाराला वहिनी दारात आल्या. पदराला हात पुसत होत्या, पण हात कोरडेच होते.

"हे अजून आले नाहीत."

"येतील की वहिनी. गाडी चुकली असेल."

"दहा वर्षांत कधी चुकली नाही. तुम्ही जाता ना त्यांच्याबरोबर? कुठे जातात हे?"

मी म्हणालो, "मी स्टँडवर बघून येतो."

आज लिहितानाही मला त्या वाक्याची लाज वाटते. जागा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. वाटेतला बांध न् बांध ठाऊक होता. पण शब्द दिलेला, आणि सर हसतमुखाने परत आले तर ते मला काय म्हणतील ही भीती. मी सायकल काढली, स्टँडवर गेलो, दोन गाड्या येऊन रिकाम्या होताना पाहिल्या. दिघाशीवरून येणाऱ्या वाडा गाडीच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, काठीवाले सर आज दिसलेच नाहीत. मी परत आलो तेव्हा चार वाजले होते. वहिनी माझ्याच उंबऱ्यावर बसून होत्या.

मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं, दिघाशी, पाडा, कातळ.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

समोरच्या कारखान्यात कापडाचे तागे नेणारा टेम्पो उभा होता. ड्रायव्हर उत्तरेकडचा, सरांना ओळखणारा. मी धड सांगायच्या आत तो म्हणाला, "भाभी, आगे बैठो." मी मागे ताग्यांवर बसलो. दिघाशीपर्यंत डांबरी, पुढे बैलगाडीची वाट. पाड्यापाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. एक म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता. डोक्याला मळकं मुंडासं, गुडघे छातीशी.

मी त्याला सांगू लागलो, पण तेव्हाही आडून आडून. "बाबा, आमचे एक नातेवाईक इकडे नदीवर..."

त्याने दोर खाली ठेवला. "मास्तर ना? कातळावरचे?"

मी बघतच राहिलो. "तुम्हाला माहीत आहेत?"

"म्हाईत न्हाय कसं? धा वर्सं येतात. काय झालं?"

"घरी आले नाहीत अजून."

म्हातारा उठला, घरातून काठी घेतली, दोन पोरग्यांना हाक मारली आणि चालायलाही लागला. आम्ही मागोमाग. चालता चालता मी विचारलं, "सकाळपासून तिकडे कुणी गेलं नाही का?"

"आयतवारी कोन जातंय? पाड्यातलं कोनी जात न्हाय."

"का?"

"मास्तरांचा दिस असतंय तो." त्याला ते उघडच वाटत होतं. "लांबनं येतंय मानूस. गप बसतंय. बारका मासा सोडून देतंय. आमी बोललो, असूदे. सा दिस आमचे, एक त्याचा." मग वहिनींकडे न बघता त्याने भर घातली, "घरात काय जाच असंल बिचाऱ्याला, असं बाया बोलतात."

"जाच म्हणजे मीच," वहिनी म्हणाल्या. त्या धापा टाकत होत्या. म्हाताऱ्याने जीभ चावली आणि पावलं वाढवली.

सर कातळाच्या खालच्या अंगाला होते. सकाळी नवाच्या आसपास अडकलेला गळ सोडवायला उतरले, शेवाळावरून पाय निसटला आणि उजवा पाय दोन धोंड्यांच्या मध्ये गेला. घोटा मोडला होता. पाय ओढून निघेना. दिवसभर ते उन्हात अर्धे पाण्यात, अर्धे दगडावर पडून होते. आधी खूप हाका मारल्या म्हणे. मग आवाज बसला. पाडा तिथून दहा मिनिटांवर. त्या दिवशी एखादी बाई नुसतं धुणं घेऊन आली असती तरी तिला ऐकू गेलं असतं. पण त्यांचा मान राखून सगळा पाडा घरी बसला होता.

आम्हाला बघून त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. ओठ फुटले होते. ड्रायव्हर, दोन पोरगे, म्हातारा, वहिनी, मी, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि ते घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "कोणाकोणाला सांगितलंस?"

वहिनी त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी ओंजळीने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि मग, मी कधी पाहिलं नव्हतं तसं, त्या त्यांच्यावर ओरडल्या. काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. सर ऐकून घेत होते. पोरग्यांनी धावत जाऊन पाड्यातून पहार आणि खाट आणली, धोंडा सरकवला. खाटेवर घालून त्यांना टेम्पोपर्यंत आणलं आणि ताग्यांवर निजवून भिवंडीला नेलं.

पायाला दोन महिने प्लास्टर होतं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. सर वर्तमानपत्र वाचायचे आणि हवापाण्याचं बोलायचे. त्या दिवसाचा विषय नाही. वहिनी चहा द्यायच्या, पण माझ्याकडे थेट बघायच्या नाहीत. मला वाटायचं, शब्द मोडला म्हणून सर नाराज आहेत आणि उशीर केला म्हणून वहिनी. दोघांचंही खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी पेपर बाजूला ठेवला.

"तिने तुला किती वाजता विचारलं?"

"तीनला."

"आणि तू सांगितलंस कधी?"

"चारला." मग मीच म्हणालो, "सर, तो एक तास मी उगाच घालवला. स्टँडवर जाऊन उभा राहिलो."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे वहिनी ऐकत होत्या.

"मी तुझ्या जागी असतो ना," सर म्हणाले, "तर पाचला सांगितलं असतं."

आतून वहिनींनी भांडं जरा जोरात ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मला चकली मिळाली.

म्हातारा काय म्हणाला होता ते मी त्यानंतर त्यांना सांगितलं. सहा दिवस आमचे, एक त्याचा. सरांनी ते दोनदा विचारून घेतलं. गणिताच्या माणसाने चुकलेला ताळा पुन्हा करून बघावा तसं. दहा वर्षं ते पाड्याच्या बाहेरून चोरासारखे वळत होते, आणि पाड्यातली माणसं त्यांना जाताना बघून आपापली कामं करत होती.

दिवाळीनंतर पाय धड चालू लागला तेव्हा सरांनी शाळेतून एक दिवस रजा काढली. पाय मोडला तेव्हा सोडून त्यांना रजा घेताना कुणी पाहिलं नव्हतं. मलाही काढायला लावली. "बुधवारी जाऊ," ते म्हणाले. काठी घेतली नाही. वहिनी बरोबर होत्या, आणि दिघाशीला उतरल्यापासून त्या बोलत होत्या. पळस कुठला, शेत कुणाचं, एवढं चालायचं होतं तर चपला का नाही सांगितल्या चांगल्या घालायला.

या वेळी आम्ही पाड्यातून गेलो. म्हातारा घरी नव्हता. डोहापाशी आलो तर ओळखूच येईना. म्हशी पाण्यात बसलेल्या. पोरं कातळाच्या टोकावरून, म्हणजे सरांच्या जागेवरून, उड्या मारत होती. चार-पाच बायका उथळ पाण्यात रांगेत उभ्या राहून जुनं लुगडं पसरून बारके मासे धरत होत्या. धुणं, हसणं, आरडाओरडा. सर काठावर उभे राहिले. परक्याच्या घरात आल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

एका बाईने मान वर करून बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "मास्तर, आज आयतवार न्हाय हो!"

सगळ्या हसल्या. सरही हसले, जरा उशिरा. मग त्यांनी पायजमा वर दुमडला आणि मोडलेला पाय सावकाश पाण्यात ठेवून बसले. वहिनी तोवर बायकांमध्ये जाऊन लुगड्याचं एक टोक धरून उभ्या होत्या. निघताना त्या बायकांनी पळसाच्या पानात मूठभर मासे बांधून दिले. सर नको म्हणत होते, वहिनींनी घेतले.

मी शब्द मोडल्यामुळे जागा बिघडली का? थोडी बिघडली. टेम्पोवाल्याने चार जणांना सांगितलं. एकदा एक टोळकं आलं, त्यांच्या पिशवीतली पावडर म्हाताऱ्याने ओळखली आणि पाड्यातल्या माणसांनी त्यांना नदीपर्यंत जाऊ दिलं नाही. हे आम्हाला नंतर कळलं. आमच्या गप्प बसण्याने जेवढं राखलं गेलं असतं त्याहून ते जास्त राखलं गेलं, असं मला वाटतं, पण खात्रीने सांगता येत नाही. मासे पूर्वीएवढे राहिले नाहीत, आणि त्याला कारणं पुष्कळ असतील.

नव्वदच्या दशकात सर निवृत्त झाले तरी आम्ही तिघं जात होतो. वहिनींच्या गळाला वाम चांगली लागायची. त्या गळ टाकूनही बोलायच्या थांबत नसत. सर आधी ओठावर बोट ठेवायचे, मग तेही सोडून दिलं. ते आम्हा दोघांपासून लांब, कातळाच्या वरच्या अंगाला बसू लागले. म्हातारा कधी कधी त्यांच्या शेजारी येऊन बसायचा. दोघं तास तास काही बोलत नसत.