नवं डोकं, वितभर ओटा

"मले नका विचारू, मशीनले विचारा," असं म्हणून ते भाऊ कम्प्युटरच्या डब्ब्याले कान लावत, एक बोट वर करत, अन् मंग खोलीत कोणी खोकललं तरी त्याहिले राग ये.

कळमेश्वरच्या कारखान्यात पुर्ज्यांचे नकाशे काढाची ती मशीन, अन् मी तिथली झाडूवाली. मशीन दुरुस्त कराले भाऊ नागपुरातून बसनं येत. इतका शकी माणूस तुम्हीबी पाह्यला नसन. स्क्रू काढला का पेपरावर ठेवून भोवती पेनानं गोल काढत. चहाचा आधी वास घेत. दोन मिनिट बाहेर गेले तरी पेटीले कुलूप. मले त्याहिचा लय भेव.

मागच्या उन्हाळ्यात त्याहिनं मशीनमधी नवीन प्रोसेसर बसवला. "हे तिचं डोकं, आता पळन," म्हणे. संगं मोठ्ठा नवा प्रोग्रामबी टाकला. पण ती पळाची सोडून रांगाले लागली. एक रेघ उमटेपर्यंत पान खाऊन होये. सायब भडकले, "कोणीतरी खोलीत काहीतरी केलं!"

केलं होतं मीच. अख्ख्या कारखान्यात थंड खोली तेवढी एकच, मशीनची, अन् माई पोरगी चार महिन्याची, घामोळ्यानं लाल झालेली, त जेवणाच्या सुट्टीत मी तिले चोरून मशीनमागं चादरीवर निजवत होती. मले वाटलं तिच्या दुधानं, मुतानं, कायनं तरी मशीन बिघडली. नोकरी गेली त खाऊ काय? घरी कमावणारी मीच.

भाऊ आले, मशीनमागं वाकले, उठले त तळहातावर पोरीची काळ्या मण्याची मनगटी.

"काहून वं बाई, इथं कोण निजते?"

मले वाटलं, डोकं बसवलं यानंच, आता खापर माया डोक्यावर फोडन अन् मोकळा होईन.

"पोरगी हाये जी. पण तिनं हात नाही लावला, आईशप्पथ, ती पालथीबी नाही पडत अजून..."

"मले काय सांगते? मशीनले विचारू." कान लावला. "करकर करून राहिली. हा लाल दिवा विझते का कधी?"

"आधी विझे. नवं डोकं बसलं तवापासून पेटलेलाच हाये जी. पुसताना दिसते ना."

हे त्याहिले कोणीच सांगतलं नव्हतं. ते हसले. मनगटी माया मुठीत कोंबली.

सायबाले म्हणे, "चूक माई. स्वयंपाकीण चपळ आणली, पण ओटा वितभरच ठेवला. मेमरी कमी पडून राहिली, म्हणून हर वस्तूसाठी ती कोठीत, म्हणजे डिस्कवर, धावते, अन् तो लाल दिवा विझतच नाही. मेमरी दुप्पट लागन. मले आधीच समजाले पाहिजे होतं."

"अन् झाडूवालीनं काही केलं?"

"तिनंच त बरोबर पाह्यलं."

मी दाराआड उभी. पोरीचं आता सांगन, मंग सांगन. नाही सांगतलं.

मंग ते आलेच नाहीत. त्याहिनंच चूक कबूल केली म्हणून सायबानं दुसरा माणूस बोलावला. त्यानं मेमरी वाढवली, रेघा सरसर पळाले लागल्या. सायब म्हणे, "याले म्हणतात मेकॅनिक! पहिला नुसता शकी."

मी तिथंच फरशी पुसून राहिली होती. मेमरीचं त भाऊनंच सांगतलं होतं, हे म्हणाले तोंड उघडलंबी होतं. मंग मशीनमागं निजणारी पोरगी अन् नोकरी आठवली, अन् मी फडकं बादलीत बुडवून पिळलं.