खंजिराला पॉलिश पेपर

आजोबांच्या जर्मन खंजिरावरची नावं मी पॉलिश पेपरनं घासून काढली, हे आधीच सांगून टाकतो. गंज समजून घासली. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, तर ती लखलखीत हवीत हा आमच्याकडचा दंडक. विळी, पाना, पकड, माझा लॅपटॉप आणि मधोमध तो खंजीर. त्या वर्षी पात्यात माझा चेहरा दिसत होता आणि तो फार समाधानी होता.

संध्याकाळी विश्रांतवाडीहून आत्या आली. नव्वदीला टेकलेली, पण नजर शाबूत. हळदकुंकू वाहून तिनं खंजीर डोळ्यांजवळ नेला.

"इथली नावं कुठं गेली रे?"

आजोबा महायुद्धात इटलीत होते. एका जर्मन अधिकाऱ्याशी झटापट करून त्यांनी खंजीर हिसकावला, ही घरातली अधिकृत हकीकत. माझ्या तोंडी तो अधिकारी दरवर्षी वीतभर उंच होत गेला होता. आत्याचं म्हणणं वेगळं. आजोबा शरण आलेल्या जर्मनांवर पहारा देत होते. त्यांतल्या एकाचं पोट बिघडलेलं. आजोबांनी घरून नेलेलं मेतकूट कालवून त्याला मऊ भात भरवला. जर्मनांकडून काढून घेतलेल्या शस्त्रांच्या ढिगातून त्यानं आपला खंजीर शोधून आजोबांना दिला आणि दोघांनी आठवण म्हणून खिळ्यानं पात्यावर आपापली नावं कोरली. आत्याच्या लहानपणी आजोबांनी तिचं बोट त्या नावांवरून फिरवलं होतं. आम्ही याला मेतकुटाची लढाई म्हणून हसायचो.

आता ती नावांची जागा दाखवत होती आणि मला सकाळचा पॉलिश पेपर आठवत होता.

"नावं कधी नव्हतीच, आत्या," मी म्हणालो. "तुला भास होतोय."

तिनं खंजीर पाटावर ठेवला. "असेल. या वयात भासच व्हायचे." आणि न जेवता रिक्षा बोलवायला सांगितली.

पुढच्या वर्षी ती आली नाही. फोन केला, तर म्हणाली, "मला भास होतात बाबा. सणासुदीला लोकांकडे कशाला जाऊ?"

लोकांकडे! म्हणजे आम्ही आता परके झालो होतो. मग मी खंजीर घेऊन कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यांकडे गेलो. जुन्या शस्त्रांतले जाणकार. खरं सांगायचं तर, यावर नावं नव्हतीच, असं त्यांनी म्हणावं आणि मला रात्री झोप लागावी, एवढीच माझी इच्छा होती.

त्यांनी खंजीर हातात घेतला आणि चेहरा आंबट केला.

"हा कोणी घासला?"

"कामवाल्या बाईंनी."

"त्यांना पदक द्या. अख्ख्या महायुद्धात जे झालं नाही, ते त्यांनी एका सकाळी केलं."

खंजीर अस्सल होता, जर्मन सैन्यातलाच. मग त्यांनी मुठीजवळ तिरका टॉर्च मारला आणि मला भिंग दिलं. मुठीला लागून, अगदी कोपऱ्यात, दोन रोमन अक्षरं खरवडलेली होती. त्यांच्याखाली, तशाच वेड्यावाकड्या रेघांत, आमच्या आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर.

"म्हणजे झटापट झाली नव्हती?"

"झटापटीत कोणी शेजारी बसून नावं कोरत नाही हो. बाईंनी घासला म्हणालात ना?"

"मी घासला."

"वाटलंच. पुरुषाचं काम आहे, कोपऱ्यापर्यंत पोचलेलंच नाही. नशीब म्हणा."

त्या दसऱ्याला खंजीर टॉवेलात गुंडाळून, सोबत मेतकुटाचा डबा घेऊन मी रिक्षानं विश्रांतवाडीला गेलो. प्रत्येक खड्ड्याला मांडीवरचं ते गाठोडं सावरत, आजोबांच्या शौर्याचा शेवट माझ्यावरच होणार, अशा भीतीनं.

आत्यानं दार उघडलं आणि टॉवेलातून डोकावणारी मूठ पाहिली.

"कोणाचा मुडदा पाडायला निघालास?"

मी आत जाऊन टेबलावर खंजीर ठेवला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि तिचं बोट त्या कोपऱ्यात नेलं. बोटाला तिथं काय लागलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती काही बोलायच्या आत मी बोललो.

"नावं होती, आत्या. मीच घासली. ते मला ठाऊक असूनही तुला भास होतो म्हणालो. चुकलं माझं. मला माफ कर."