दुपट्यावरचा पाळणा

नवी दिल्ली स्टेशनातून पहाडगंजच्या बाजूला बाहेर पडले, तेव्हा माझ्या पिशवीत एक दुपटं होतं. मावसबहीण मृणालच्या चार महिन्यांच्या लेकीसाठी मी त्यावर माझ्या आईच्या अक्षरातला पाळणा घरच्या प्रिंटरवर छापला होता. आई आता नाही. तिचं अक्षर तरी पुढे जावं ही हौस. थोडी मिरवण्याचीही होती, खोटं कशाला बोलू?

मृणालचं घर हिंदूराव हॉस्पिटलजवळ; तिथल्या चढावर माकडांनी स्वागत केलं. दुपटं पाहून मृणालचे डोळे भरले. मग तिने विचारलं, "ताई, धुतलंयस ना? नवं कापड न धुता बाळाला देत नाही मी."

"धुतलंय की! व्हिनेगरमध्ये बुडवून इस्त्री केलीय. रंग बिल्कुल पक्का."

व्हिनेगर आणि इस्त्री खरी होती. धुतलं मात्र नव्हतं. अक्षर पुसट होईल म्हणून.

दुपारी कढी-चावल (कढी-भात) हाणून आम्ही गप्पा मारत होतो. बाळ दुपट्याचं टोक चोखत पडलं होतं. मृणालचं तिकडे लक्ष गेलं आणि ती किंचाळलीच. बाळाचे ओठ निळे पडले होते.

ती अनवाणीच धावली. रिक्षात ती बाळाला कवटाळून रडत होती, दुपटं माझ्या हातात होतं आणि माझी बोटंही निळी झाली होती. मला सगळं कळलं. तरी मी तोंड उघडलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी ओला कापूस फिरवला. ओठ गुलाबी झाले. "स्याही है जी (शाई आहे). बच्ची बिल्कुल ठीक है."

मृणाल रडतारडता हसली. "माझंच चुकलं यार. मी एकदा खळबळून घ्यायला हवं होतं."

लाजेने मला तिच्याकडे बघवेना. निळी बोटं मी दुपट्यात लपवली.

दुसऱ्या दिवशी दिल्लीबाहेर मानेसरला कापडछपाईच्या एका कारखान्यात गेले. तिथल्या इक्बालभाईंनी ओला अंगठा दुपट्यावर दाबला. अंगठा निळा.

"बहनजी, ये काग़ज़ की स्याही है. सूती पे सिरका (व्हिनेगर) कुछ नहीं करता."

त्यांच्याकडे कापडाला आधी सोड्याची खळ देतात, वाळल्यावर वेगळ्या शाईने छापतात, मग वाफ देतात. त्या वाफेतच रंग धाग्याला धरतो. शेवटी पाणी नितळ निघेपर्यंत धुतात.

"धोए बिना हम किसी को देते नहीं. आपने धोया था?"

"नहीं."

परक्या माणसाला सांगणं किती सोपं गेलं!

निघायच्या दिवशी इक्बालभाईंनी छापून दिलेलं नवं दुपटं मी मृणालपुढे ठेवलं आणि एका दमात म्हणाले, "पहिलं मी धुतलंच नव्हतं. आणि शाईचं मला रिक्षातच कळलं होतं."

ती उठली. बादली भरली, दुपटं बुडवलं, खसाखसा चोळलं. पाणी नितळ. आईचं अक्षर जागच्या जागी. तिने पाणी ओतलं, बादली पुन्हा भरली आणि माझ्यादेखत दुसऱ्यांदा धुतलं.

दिल्लीत काय पाहिलं, असं पुण्यात सगळे विचारतील. मला ती बादलीच आठवेल. गाडी सुटल्यावर मृणालचा मेसेज आला, "तिसऱ्यांदा धुतलं. रंग पक्का आहे." खाली नेहमीचं 'ताई, पोचलीस की कळव' नव्हतं.