जर्मन गाडीचा परण्या

१८ मे. सकाळी सातला आभाळ स्वच्छ, वारा नाही. नऊ वाजता गाडीच्या पत्र्याला हात लावता येईना.

गॅरेजमध्ये किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. गाडी खोलली की मालकाला काही काम उरत नाही. मग तो स्टुलावर बसतो आणि बोलतो. सेलूत माझं स्पेअर पार्टचं दुकान नामदेव मिस्त्रींच्या गॅरेजला लागून आहे. कोणती गाडी आली, काय बिघडलं, मालक काय म्हणाला, हे मी वहीत उतरवतो, म्हणून मिस्त्री मला मास्तर म्हणतात. अकरा वह्या भरल्या, बारावी चालू आहे.

आज साडेसातलाच बोरीचा भास्कर आला. चालू जीप विकून त्याने लग्नात भाड्याने द्यायला एक वापरलेली जर्मन गाडी घेतली आहे. आज तिचं पहिलं लग्न, तेही त्याच्याच गावात. गाडी नीट चालली तर पुढच्या सुपाऱ्या मिळणार, नाही तर हा सीझन गेला. जीप विकल्यापासून बायको त्याच्याशी बोलत नाही.

"मामा, हिला एकदा नीट बघा. सगळ्या गावासमोर चालवायचीय," तो मिस्त्रींना म्हणाला.

मिस्त्री बॉनेटमध्ये वाकले. तोवर मी जुन्या वह्या चाळल्या.

* * *

मिस्त्रींचं म्हणणं असं, की गाडी ज्या देशात बनते तिथल्या माणसाचा स्वभाव तिच्यात उतरतो. एकदा एका प्राध्यापकांनी त्यांना विचारलं, परदेशी माणूस कधी पाहिलाय का? मिस्त्री हैदराबादच्या पुढे गेलेले नाहीत.

"न्हाई पाह्यला," ते म्हणाले. "पण त्याची गाडी खोललीय. माणूस खोटं बोलतो सर, गिअरबॉक्स न्हाई बोलत."

प्राध्यापकांनी ऑइल बदललं आणि गेले.

* * *

सेलूतल्या एका सरकीच्या व्यापाऱ्याने जपानी गाडी घेतली. शेजारच्या सीटवर सरकीचं पोतं ठेवलं की गाडी टुकटुक करायची. तिच्या लेखी ते पोतं म्हणजे बिनपट्ट्याचं माणूस. शेटजी वैतागून आले, हा आवाज तोडून टाका म्हणाले.

मिस्त्रींनी वायर तोडायला नकार दिला. "जपानी माणूस भांडत न्हाई शेटजी. पण तुमी ऐकेपर्यंत हळू आवाजात सांगत राहतो. त्याचं ऐका, पोत्याला पट्टा लावा."

शेटजींनी लावला. आवाज बंद. स्वतःचा पट्टा मात्र त्यांनी पाठीमागून अडकवून टाकला होता. महिन्याभराने परभणीच्या रस्त्यावर पोलिसाने गाडी अडवली. त्याने आधी पोत्याकडे पाहिलं, मग शेटजींकडे.

"तुमच्यापेक्षा पोत्याला अक्कल हाय," म्हणाला आणि पावती फाडली.

* * *

पालमचे एक निवृत्त ग्रामसेवक फ्रेंच गाडी घेऊन आले. त्यांचा आवाज पार बसलेला. हॉर्न लागत नाही, बाजारातून काच खाली करून ओरडत जावं लागतं, अशी तक्रार. स्टिअरिंगच्या मधोमध बुक्क्या मारून त्यांचा हातही सुजला होता.

मिस्त्रींनी सगळीकडे पाहिलं आणि इंडिकेटरच्या दांडीचं टोक दाबलं. हॉर्न वाजला. मिस्त्री म्हणाले, फ्रान्सच्या माणसाला हॉर्न देण्यात कमीपणा वाटत असणार, म्हणून त्याने तो लपवून ठेवलाय.

ग्रामसेवकांनी स्वतः ते टोक दोनदा दाबून पाहिलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वळताना रोज ऐकायलोय हा आवाज. मला वाटायचं, मागचा वाजवायलाय. दोघातिघांशी भांडलोय मी त्याच्यापायी!"

* * *

कोरियन गाडीबद्दल वहीत एकच नोंद आहे. एका बागायतदाराच्या गाडीच्या छतातली खिडकी बंद होत नव्हती. खाचेत माती आणि प्लॅस्टिकचा कीस. ते ठिबकचे पाइप उभे धरून त्या खिडकीतून आणत होते.

मिस्त्री काही म्हणायच्या आतच ते म्हणाले, "काही म्हणा, कोरियावाल्याला शेतीची जाण हाय."

* * *

भास्करच्या विकलेल्या जीपची नोंद नवव्या वहीत आहे. हॉर्न चालू, लाइट एक, दार सुतळीने बांधलेलं, काट्यांपैकी एकही हलत नाही. खाली मिस्त्रींचं वाक्य : "आपली गाडी काय दुखतंय ते सांगत न्हाई. पण घरी नेऊन सोडते."

* * *

नऊ वाजता मिस्त्रींनी बॉनेट बंद केलं. गाडीत खोट नव्हती. तरी भास्करने आम्हा दोघांना सोबत घेतलं.

बोरीत नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, तो परण्या अकराला निघाला. गाडीला पुढून झेंडूचे हार, मागे नवरदेव, भास्कर स्टिअरिंगवर, शेजारी मिस्त्री. मी पायी. समोर बँड आणि नाचणारी पोरं.

गाडी चार हात पुढे गेली आणि स्वतःच गचकन थांबली. नवरदेवाचा फेटा पुढच्या सीटवर आपटला. भास्करने पुन्हा सोडली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फेटा सुटला. आत पीं पीं चालू होतं, ते बँडमध्येही ऐकू येत होतं.

मिस्त्रींनी मला काचेतून स्टिअरिंगमागचा स्क्रीन वाचायला लावला. पुढे अडथळा आहे, असं इंग्रजीत लिहिलं होतं. हार बाजूला केले तरी अक्षरं जाईनात. एक पोरगा नाचत पुढे आला की गाडी पुन्हा ब्रेक दाबायची.

नवरदेवाचे मामा दार उघडून उभे राहिले. लिंबाखाली भास्करची जुनी जीप उभी होती. नवा मालक तिच्यातून पाहुणे आणत होता. मामा म्हणाले, "उतर रे बाळा. त्या जीपात बस."

भास्करने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. पलीकडे बायकांच्या घोळक्यात त्याची बायको उभी होती.

मिस्त्री खाली उतरले. "थांबा पाव्हणं. गाडी चांगली हाय. जर्मन माणसाला वाटायलंय, ही पोरं चुकून रस्त्यात आलीत, आता बाजूला होतील. परण्या त्याला ठाऊक न्हाई."

"मग काय त्याला पत्र लिवायचं का?"

"न्हाई. त्याला झोपवायचं. भास्कर, इंजिन बंद कर, गिअर मोकळा ठेव. स्टिअरिंग तेवढं धर." मग नाचणाऱ्या पोरांकडे वळून म्हणाले, "आठ जण मागं या. बँडच्या ठेक्यावर ढकला."

परण्या अकरा पन्नासला मारुतीला पोचला. फेटा पुन्हा सुटला नाही. लग्न बारा पस्तीसच्या मुहूर्तावर लागलं. जेवणाच्या पंगतीत भास्करला दोन सुपाऱ्या मिळाल्या, एक जिंतूरची, एक सेलूची. वाढताना त्याच्या बायकोने त्याला विचारलं, कधीच्या आहेत.

दोन्ही घरच्यांची अट एकच होती : गाडी ढकलतच न्यायची.