आईनं बदली रद्द केली नाही

बदलीचा आदेश आला, त्या दिवशी मला देवीचाही राग आला होता. माझी सगळी नोकरी बेंबळीजवळच्या वस्तीशाळेत गेली. घर, शेत, सासूबाई, सगळं तिथंच. आणि आता एकदम उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकच्या शिवेवर! तिथली लेकरं घरी कानडी बोलतात. पहिलीच्या वर्गाला मी शिकवणार कसं? शुक्रवारचा उपास धरून तुळजापूरला निघाले. सासूबाई म्हणाल्या, "गाऱ्हाणं घाल पोरी, पण आईपुढं हट्ट धरू नगं." मी हट्ट धरूनच निघाले होते.

दर्शनाच्या रांगेत उन्हानं की उपासानं, डोळ्यांपुढं अंधारी आली. कोसळणार, तोच मागच्या एका म्हातारीनं मला सावरलं. हिरवं इरकली लुगडं, कपाळभर कुंकू. "कूत्को, तंगी, कूत्को," म्हणत तिनं मला पायरीवर बसवलं, ओल्या पदरानं तोंड पुसलं, "नीर कुडी" म्हणत पाणी पाजलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. भाषा कानडी, पण एकही शब्द अडला नाही. 'तंगी' म्हणत, कुणी धाकट्या बहिणीला सांभाळावं तसं ती सांभाळत होती.

मग मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "आईला काय मागती?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. ती खळखळून हसली. "अगं, ही आई तरी एका जागी बसती का? निजायला सिंहासन सोडती, दसऱ्याला शीव वलांडती. तू तिची लेक, आन् उठायला भेती व्हय?"

रांग सरकली. आईपुढं उभी राहिले, तर घोकून आणलेलं गाऱ्हाणं ओठांवर येईचना. "तू नेशील तिथं येते," एवढंच निघालं आणि छाती एकदम हलकी झाली. बाहेर आल्यावर म्हातारीला खूप शोधलं. गर्दीत ती कुठंच दिसली नाही. ती कोण होती, हे मी कुणाला विचारत बसले नाही.

नव्या शाळेत पहिल्याच दिवशी एक चिमुरडी दाराशी रडत उभी होती. मी म्हणाले, "कूत्को, तंगी." माझे उच्चार ऐकून वर्ग खो खो हसला. तीही डोळे पुसत हसली आणि तो शब्द मला नीट म्हणून दाखवू लागली. तेव्हापासून रोज सकाळी आधी लेकरं मला कानडी शिकवतात, मग मी त्यांना मराठी. तोच धडा त्याच सुरात शिकवून मी किती वाळले होते, ते मला इथं येऊन कळलं. आता शाळेला जाताना गुणगुणत जाते.

सासूबाईही राहायला आल्या. शेजारणींसोबत ओट्यावर शेंगा फोडत बसतात; ह्या मराठीत, त्या कानडीत, आणि हसणं मात्र एकच. परवा त्यांनी विचारलं, "परत गावाकडं बदली झाली तर गं?"

"ते आईला ठाऊक, आत्याबाई."

संध्याकाळी दिवा लावते तेव्हा मागणं काही सुचत नाही. हात जोडते, आणि आनंदानं डोळे भरून येतात.